फोन थांबल्यावरची दोन मिनिटं



गटाच्या बैठकीत आपण बचतीचं बोलतो, कर्जाचं बोलतो, शेळीच्या विम्याचं बोलतो. आज मी जरा वेगळ्या विषयावर बोलणार आहे. रोजच्या प्रार्थनेची सवय कशी लावायची आणि त्यासाठी फोनवर ऐकायची मननं कशी कामी येतात, हा तो विषय. मी ख्रिस्ती कुटुंबातली आहे, म्हणून उदाहरणं माझ्या घरातली आणि आमच्या मंडळीतली असतील. पण हरिपाठ ऐकणाऱ्या आणि नमाजाची वेळ सांभाळणाऱ्या बहिणींनी रेडिओ बंद करू नये. सवय लावायची रीत सगळ्यांना सारखीच लागू पडते.

सुरुवात एका कबुलीनं करते.

आमच्या घरी रोज रात्री जेवणं झाली की कौटुंबिक प्रार्थना व्हायची. सासरे चष्मा लावून पवित्र शास्त्रातला एक भाग मोठ्यानं वाचायचे. मग एक गीत, मग प्रार्थना. सासूबाईंना वाचता येत नाही. चाळीस वर्षं त्यांनी देवाचं वचन नवऱ्याच्या आवाजात ऐकलं. सासरे गेले आणि त्यांच्याबरोबर घरातलं वाचणंही गेलं. मी बी.ए. झालेली. पण गावोगावच्या बैठका, ग्रामसंघाचे हिशेब, बँकेच्या खेपा, घरी यायला आठ-नऊ वाजायचे. सासूबाई कधी म्हणाल्या नाहीत की मला वाचून दाखव. मीही कधी विचारलं नाही. जवळजवळ वर्ष असंच गेलं.

मग मला युक्ती सुचली. तालुक्याच्या गावातून मेमरी कार्डात ऑडिओ बायबल, भक्तिगीतं आणि रोजची मननं भरून आणली आणि त्यांच्या बटणाच्या फोनमध्ये घातली. कोणतं बटण दाबायचं ते दाखवलं. मला वाटलं, झालं आपलं कर्तव्य.

पंधरा दिवसांनी पाहते तर फोन दिवसभर चालू. त्या तांदूळ निवडतायत, फोन चालू. शेजारीण येऊन गप्पा मारतेय, फोन चालू. दुपारी त्यांचा डोळा लागलाय, तरी फोन आपला बोलतोच आहे. एकदा माझ्या धाकट्या मुलीनं विचारलं, "आजी, आज फोननं काय सांगितलं?" त्या हसल्या. म्हणाल्या, "कोण जाणे बाई. चांगलंच सांगत होता." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुझे आजोबा वाचून झालं की विचारायचे, ध्यानात आलं का म्हणून. हा विचारत नाही."

मैत्रिणींनो, आज मला जे सांगायचं आहे ते सगळं त्या एका वाक्यात आहे. ऐकणं आपल्याला प्रार्थनेच्या दारापर्यंत आणून सोडतं. आत जायचं ते आपल्यालाच. आणि आत जायचं तर फोन थांबवावा लागतो.

ऐकून प्रार्थना करणं कमीपणाचं नाही

आधी एक शंका दूर करू. काही बायांना वाटतं, शास्त्र वाचून प्रार्थना करणं खरं, फोनवर ऐकणं म्हणजे आळस. असं नाही. छापील पुस्तक घरोघरी आलं ते अलीकडे. त्याआधी बहुतेक लोकांनी शास्त्र ऐकलंच आहे. नहेम्याच्या पुस्तकात एज्रा शास्त्री यरुशलेमात पाणीवेशीसमोरच्या चौकात पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, आणि ऐकणाऱ्यांत पुरुषांबरोबर स्त्रियाही होत्या असं तिथं स्पष्ट लिहिलं आहे. पौलाची पत्रं मंडळीत मोठ्यानं वाचली जात. कलस्सैकरांना तर तो सांगतो की हे पत्र तुमच्यात वाचून झाल्यावर लावदिकीयाच्या मंडळीतही वाचलं जाईल असं पाहा. विश्वास ऐकण्यातून उपजतो, असं रोमकरांच्या पत्राच्या दहाव्या अध्यायात त्यानं सांगितलं आहे.

आपल्या मराठी मुलखातही असंच झालं. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्लंडातून आलेल्या धर्मगुरूंनी 'ख्रिस्तपुराण' रचलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या! ओवी का? कारण ओवी ऐकायची असते, म्हणायची असते, जात्यावर बसून पाठ व्हायची असते. पुढे आपल्या नगर भागात रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि भजनं रचली, ख्रिस्ती कीर्तनं केली. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचं भाषांतर केलं, ते सोप्या मराठीत, साध्या बायाबापड्यांच्या कानाला कळावं म्हणून. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी त्या कामात घातली. १९२२ मध्ये त्या गेल्या.

वसईकडच्या आणि गोव्यातल्या कॅथलिक बहिणींना तर हे वेगळं सांगायला नको. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी आंजेलुसची घंटा व्हायची, की हातातलं काम थांबवून प्रार्थना म्हणायची. ती घंटा म्हणजे जुन्या काळचं ऐकायचं साधनच. वारकऱ्यांकडे पाहा, नवविधा भक्तीत पहिली भक्ती श्रवणाची. तेव्हा कानाचा रस्ता जुना आहे. फोन तेवढा नवा आहे.

फरक एवढाच की घंटा वाजून थांबायची. फोन थांबत नाही.

शांततेची भीती

आपल्या या रेडिओ केंद्रात मी पहिल्यांदा बोलायला आले, तेव्हा मला एक गोष्ट बजावून सांगितली होती: ताई, मध्ये गप्प राहायचं नाही. दोन-चार सेकंद आवाज तुटला तरी ऐकणारीला वाटतं रेडिओ बिघडला. रेडिओसाठी ते बरोबर आहे. पण प्रार्थनेसाठी त्याच्या अगदी उलट आहे. प्रार्थनेत आवाज तुटतो तिथूनच खरं काम सुरू होतं.

मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू शिष्यांना सांगतो की प्रार्थना करताना आपल्या खोलीत जा, दार लावून घ्या. आमच्या एका गटातल्या ताई मला म्हणाल्या, "मॅडम, आमच्या घराला खोलीच एक आहे आणि माणसं सात. दार कुठलं लावू?" त्यांचा प्रश्न खरा आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींना दार लावायला स्वतंत्र खोली नाही. मग कानात हळू आवाजात चाललेलं पाच मिनिटांचं मनन हेच आपलं लावलेलं दार होऊ शकतं. पण दार लावून झाल्यावर आत कुणीतरी बसायला हवं ना? नुसतं दार लावून उपयोग नाही.

म्हणून माझा हिशेब असा: पाच मिनिटं असतील तर तीन मिनिटं ऐका आणि दोन मिनिटं फोन बंद. त्या दोन मिनिटांत तीनच गोष्टी करायच्या. ऐकलेल्यातलं कोणतं एक वाक्य किंवा एक शब्द मनात राहिला, तो आठवायचा. त्यावरून कोण आठवलं, ते नाव देवापुढे ठेवायचं. मग स्वतःच्या शब्दांत देवाशी एक-दोन वाक्यं बोलायची. शब्द सुचले नाहीत तर प्रभूची प्रार्थना म्हणायची. ती सावकाश म्हटली तरी मिनिटभरात होते. शिष्यांनी आम्हाला प्रार्थना करायला शिकव असं म्हटल्यावर प्रभूनं तीच शिकवली होती. त्यामुळे शब्द सुचत नाहीत याची लाज वाटायचं कारण नाही. शिष्यांनाही सुचत नव्हते.

गटाची पंचसूत्री, प्रार्थनेची पंचसूत्री

आता सवयीकडे येऊ. बचत गट चालतो तो कशावर? पंचसूत्रीवर. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. मी इतकी वर्षं बायांना ही पंचसूत्री शिकवते आहे, पण तीच प्रार्थनेला लावता येते हे मला उशिरा कळलं.

पहिलं, नियमित बैठक. म्हणजे वेळ आणि जागा ठरलेली. "वेळ मिळाला की ऐकू" असं म्हटलं की तो मिळत नाही. जे काम आपण रोज न चुकता करतोच, त्याच्या शेपटाला प्रार्थना बांधायची. दूध डेअरीला घालून आलं की. चहाचं पातेलं उतरवलं की. रात्री दाराला कडी घातली की. कांद्याच्या कामाला जाणाऱ्या एका ताईंनी टेम्पोतली वेळ धरली होती. पण तिथं गप्पा आणि धक्के. मग त्यांनी ती बदलून शेतात पोहोचल्यावर डबे झाडाखाली ठेवायची वेळ धरली. बाकीच्या बाया पाणी पितात तेवढ्यात त्यांचं होतं. पहिली वेळ जमली नाही तर दुसरी धरायची, प्रार्थना सोडायची नाही.

दुसरं, नियमित बचत. गटात आपण सांगतो, हजार रुपये एकदा नको, पन्नास रुपये दर आठवड्याला हवेत. इथंही तसंच. पहिल्या दिवशी उत्साहात अर्धा तास ऐकायचं आणि चौथ्या दिवशी सोडून द्यायचं, यापेक्षा रोज पाच मिनिटं बरी. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. त्यातलं ११७ वं फक्त दोन ओळींचं, म्हणजे दोनच वचनांचं आहे, आणि ११९ वं १७६ वचनांचं. ११९ पासून सुरुवात करू नका! २३, १०३, १२१ अशा ओळखीच्या स्तोत्रांपासून करा. ती आपण लग्नात, मयतीला, आजाऱ्याच्या उशाशी ऐकलेली असतात, म्हणून पटकन मनाशी बोलतात. नंतर मार्काचं शुभवर्तमान घ्या. ते चारांत सगळ्यात लहान, १६ अध्यायांचं. रोज थोडं थोडं ऐकलं तरी महिना-दीड महिन्यात पूर्ण होतं, आणि एक अख्खं पुस्तक ऐकलं याचा आनंद काही वेगळाच असतो.

तिसरं, अंतर्गत कर्जव्यवहार. गटातला पैसा पेटीत पडून राहिला तर गट मरतो, तो फिरला पाहिजे. प्रार्थनाही फक्त "माझं, माझ्या मुलांचं" एवढ्यावर थांबली की आटते. रोज एक नाव घराबाहेरचं घ्यायचं. सोमवारी आजारी माणूस, मंगळवारी ज्या घरात कर्जाची चिंता आहे ते घर, बुधवारी ज्या बाईशी आपलं पटत नाही ती बाई. बुधवार अवघड जातो, हे अनुभवानं सांगते.

चौथं, परतफेड. जे ऐकलं त्यातलं काहीतरी हातून घडलं पाहिजे. क्षमेचं मनन ऐकून उठलो आणि जावेशी नळावर भांडलो, तर हप्ता थकला असं समजायचं. दिवसाला एक लहान गोष्ट पुरे. कुणाला फोन करून विचारपूस, कुणाच्या घरी भाकरी, कुणाचा उसना राहिलेला डबा परत. आणि मागितलेलं मिळालं तर आभार मानायला विसरायचं नाही.

पाचवं, हिशेब. गटाची वही असते तशी प्रार्थनेचीही खूण असावी. लिहिता येतं त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेत एक शब्द लिहावा, मनात राहिलेला. लिहिता येत नाही त्यांनी वाटीत रोज एक चिंचोका टाकावा. महिन्याअखेर मोजावा. हा हिशेब देवाला दाखवायला नाही, त्याला सगळं ठाऊकच आहे. तो आपल्याला दिसावा म्हणून.

आणि चिंचोके तीसच्या जागी अठराच निघाले तर? वाईट वाटून घेऊ नका. एकवीस दिवसांत सवय लागते असं आपण ऐकतो, पण तसा काही पक्का नियम नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ माणसांना एक एक नवी सवय लावून पाहिली. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवसांत जमलं, तर कुणाला अडीचशेच्या वर लागतील असा अंदाज निघाला. आणि त्यांनाही हेच आढळलं की मध्ये एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. गटाची एक बैठक चुकली म्हणून आपण गट मोडतो का? पुढच्या आठवड्यात पुन्हा बसतो. तसंच.

सुरुवातीला एखादा चांगला मुहूर्त हवा असेल तर राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ घ्या. रविवार सोडून ते चाळीस दिवस होतात. किंवा नाताळाआधीचे आगमनकाळाचे चार आठवडे. मंडळीतले सगळेच त्या दिवसांत प्रार्थनेकडे वळलेले असतात, त्यामुळे एकटीला ओढ लावावी लागत नाही.

फोनचा व्यवहार

आता थोडं हातातल्या यंत्राबद्दल. स्मार्टफोन नसला तरी अडत नाही. मेमरी कार्ड चालणाऱ्या बटणाच्या फोनमध्येही सगळं बसतं. ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांनी बायबलचं अ‍ॅप घेतलं तर मराठीत ऐकायची सोय मिळते. बऱ्याच मंडळ्यांचे पाळकसाहेब व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी दोन-चार मिनिटांचं मनन आपल्या आवाजात पाठवतात. ओळखीचा आवाज आपल्याला जवळचा वाटतो, म्हणून नव्यानं सुरू करणारीला मी तेच सुचवते.

व्हिडिओपेक्षा नुसता आवाज बरा. एक कारण खर्चाचं: साधारण दर्जाच्या आवाजाला मिनिटाला एक एमबीच्या आसपास किंवा त्याहूनही कमी डेटा लागतो, म्हणजे पाच मिनिटांचं मनन फार तर पाच एमबी. व्हिडिओ त्याच्या कितीतरी पट खातो. दुसरं कारण मोठं आहे. व्हिडिओ असला की डोळे पडद्यावर राहतात आणि बोट खालच्या दुसऱ्या चित्राकडे जातं. प्रार्थनेला बसलेली बाई दहा मिनिटांनी साड्या पाहत असते. हसू नका, माझंही झालंय!

एकदा आमच्या मंडळीच्या महिला मंडळात आम्ही फोन मध्ये ठेवून व्हिडिओवरचं मनन लावलं होतं. छान गंभीर वातावरण. सगळ्यांचे डोळे मिटलेले. आणि ऐन प्रार्थनेत जाहिरात सुरू झाली, "पाच मिनिटांत कर्ज मिळवा!" मी गटांना वर्षानुवर्षं अशा कर्जाच्या अ‍ॅपपासून सावध करते आणि ते प्रार्थनेतच येऊन बसलं. तेव्हापासून नियम केला: आदल्या रात्री मनन डाउनलोड करून ठेवायचं आणि ऐकताना इंटरनेट बंद. जाहिरात नाही, मेसेज नाही, रेंज गेली म्हणून खोळंबा नाही.

आवाज हळू ठेवा. आपलं घर म्हणजे गल्लीचाच भाग असतो. पहाटे पाचला शेजारच्या घरात बाळंतीण झोपलेली असते, मुलं अभ्यास करत असतात. आपली प्रार्थना दुसऱ्याच्या डोक्याला ताप होऊ नये. देवाला ऐकू जायला भोंगा लागत नाही.

आणि तीन गोष्टींपासून दूर राहा. हा मेसेज अकरा जणांना पाठवा नाहीतर वाईट होईल, असं म्हणणारं काहीही प्रार्थना नव्हे, ती भीती आहे. पुढे पाठवू नका, पुसून टाका. एवढे पैसे या खात्यावर टाका म्हणजे तुमच्यासाठी खास प्रार्थना होईल, असं सांगणाऱ्या अनोळखी आवाजाला एक रुपयाही देऊ नका, आणि ओटीपी तर कुणालाच नाही. आणि गोळ्या बंद करा, विश्वास ठेवा, असं सांगणारं मनन असेल तर तिथंच थांबवा. बीपी, साखर, टीबी यांची औषधं प्रार्थनेबरोबर चालू ठेवायची. शंका आली तर आपल्या पाळकांना किंवा मंडळीतल्या जाणत्या बाईला ऐकवा आणि विचारा, हा कोण बोलतोय आणि बरोबर बोलतोय का.

आपल्या आवाजातलं मनन

काही महिन्यांपूर्वी आमच्या महिला मंडळानं ठरवलं, दुसऱ्यांचं ऐकतो ते ठीक, पण आपणही करून पाहू. ते अवघड नाही. फोनमधल्या रेकॉर्डरवर होतं. खोलीत आवाज घुमतो, म्हणून दोरीवर दोन-तीन गोधड्या टाकायच्या. पंखा बंद, फोन एरोप्लेन मोडवर, तोंडापासून वीतभर अंतरावर. चार मिनिटांच्या वर जायचं नाही.

बांधणी अशी ठेवायची. आधी एका वाक्यात बोलावणं: या, जरा बसू. मग शास्त्रातला लहान भाग, सावकाश वाचलेला, शक्यतो दोनदा. मग आपल्या जगण्यातली एकच गोष्ट त्याच्याशी जोडून सांगायची. उपदेश नको. मग एक प्रश्न. आणि प्रश्नानंतर, मैत्रिणींनो, पाऊण मिनिट काहीही बोलायचं नाही. रेकॉर्डिंग चालू, पण आवाज नाही. शेवटी एक लहान प्रार्थना.

त्या पाऊण मिनिटावर आमच्यात मोठा वाद झाला. एक जण म्हणाली, लोकांना वाटेल फोन बंद पडला. मी म्हटलं, आधी सांगूनच ठेवू की आता आपण गप्प राहू या, फोन चालू आहे. मग ते पटलं. आता ऐकणाऱ्या बायाच सांगतात, ती गप्प राहायची जागा काढू नका. दिवसभरात तेवढंच कुणी काही मागत नाही, एका ताईंचे हे शब्द.

ज्यांना वाचता येत नाही त्याही यात बोलतात. त्यांनी शास्त्रभाग ऐकून पाठ करायचा आणि गोष्ट सांगायची. आजवरच्या मननांत आमच्याकडे सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं मनन अशाच एका आजींचं आहे. हरवलेल्या नाण्याच्या दाखल्यावर. ती बाई दिवा लावून घर झाडते आणि नाणं शोधते. आजींनी लुगड्याच्या कनवटीला बांधलेली मजुरी हरवल्याची आणि ती शोधण्यात रात्र काढल्याची गोष्ट सांगितली. पाळकसाहेब म्हणाले, हा दाखला मी वीस वर्षं शिकवतोय, मला तो आज कळला.

फोन माणसाची जागा घेत नाही

शेवटी पुन्हा घरी येते.

सासूबाईंचं ते वाक्य ऐकल्यावर मला रात्रभर झोप लागली नाही. मी त्यांना फोन दिला होता, तो त्यांच्या सोयीसाठी की माझ्या सुटकेसाठी? खरं उत्तर मला माहीत होतं. ऐकायची मननं चांगलीच आहेत, पण ती घरातल्या माणसाची जागा घेऊ लागली की कुठंतरी चुकतंय असं समजावं. तसंच रविवारच्या उपासनेचं. अंथरुणाला खिळलेल्यांनी घरी ऐकावं, पण ज्यांना पाय आहेत त्यांनी मंडळीत जावं. एकत्र गाणं फोनवर होत नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही नेम केला. मला घरी यायला नऊ वाजोत की साडेनऊ, जेवणं झाली की मी, सासूबाई आणि मुली ओट्यावर बसतो. नवरा पाण्याच्या पाळीला शेतावर गेलेला नसेल तर तोही येतो. तीन मिनिटं फोनवर ऐकतो. मग बंद करायचं बटण सासूबाई स्वतः दाबतात, तो मान त्यांचा. आणि मी विचारते, "आई, ध्यानात आलं का?"

पहिल्या दिवशी त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मेंढपाळाचं सांगितलं." मग हळूहळू जास्त सांगायला लागल्या, आणि काही दिवसांनी मोठ्यानं प्रार्थना करायला लागल्या, जी सासरे गेल्यापासून बंद होती.

मध्यंतरी ते मेमरी कार्ड खराब झालं. दुरुस्ती होईना, नवं आणायला मला आठवडा लागला. मला वाटलं, मोडला नेम. पण त्या रात्री जेवणं झाल्यावर त्या आपल्या ओट्यावर जाऊन बसल्याच. मी म्हटलं, "आई, आज फोन नाही." त्या म्हणाल्या, "फोन नाही, पण वेळ झाली ना?" मग पाठ असलेलं एक स्तोत्र म्हणू लागल्या. अर्ध्यावर अडल्या, पुढचं आठवेना. मी आत जाऊन सासऱ्यांचं जुनं बायबल आणलं आणि उरलेलं वाचलं. वर्षभरात ते पुस्तक मी पहिल्यांदा हातात घेतलं होतं. मधल्या पानांत त्यांनी खुणेला ठेवलेलं एसटीचं तिकीट तसंच होतं.

मग आम्ही दोन मिनिटं गप्प बसलो. आणि सासूबाईंनी प्रार्थना केली. पावसासाठी, मुलींच्या परीक्षेसाठी, शेजारणीच्या गुडघ्यासाठी. शेवटी माझं नाव घेतलं आणि म्हणाल्या, हिला रात्रीचं लवकर घरी आण, ही फार दमते.

मैत्रिणींनो, वर्षभर त्या माझ्यावर रुसल्या असतील असं मला वाटत होतं. त्या माझ्यासाठी प्रार्थना करत होत्या आणि मला ते ऐकू येत नव्हतं, कारण फोन चालू होता.

आज रात्री एवढंच करून पाहा. तीन मिनिटं ऐका. मग थांबवा. शेजारी बसलेल्या माणसाला विचारा, ध्यानात आलं का.